जुन्या सिंथेसायझरची सॉफ्टवेअर रूपे: फरक नेमका कुठे उरतो

प्रश्न असा आहे की, सत्तर-ऐंशीच्या दशकांतील अॅनालॉग सिंथेसायझरची (म्हणजे विजेच्या सर्किटमधून ध्वनी घडवणाऱ्या वाद्यांची) जी सॉफ्टवेअर रूपे आज मिळतात, ती मूळ वाद्यांच्या तोडीची आहेत का. असतील, तर जुनी वाद्ये वाजवलेले लोक अजूनही ‘त्यात ती ऊब नाही’ असे का म्हणतात. आणि चार पैसे साठवलेल्या माणसाने मूळ वाद्य शोधावे की प्लगइनवर, म्हणजे संगणकात चालणाऱ्या अशा सॉफ्टवेअर रूपावर, भागवावे. गेली पंचवीस वर्षे मी अशी वाद्ये दुरुस्त करत आले आहे आणि ध्वनिमुद्रणासाठी त्यांची सॉफ्टवेअर रूपेही रोज वापरते, त्यामुळे दोन्ही बाजूंची कुरकुर माझ्या कानांवरून गेलेली आहे. माझे मत असे की, चांगले प्लगइन आणि मूळ वाद्य यांच्या ध्वनीतला फरक आता मोजक्याच जागी उरला आहे. लोक ज्या फरकासाठी हळहळतात, तो बहुतेक वेळा वाद्याच्या वयातून, वाजवणाऱ्याच्या हातातून आणि ऐकणाऱ्याच्या आठवणीतून आलेला असतो. मात्र ‘काहीच फरक नाही’ असेही मी म्हणणार नाही, कारण ज्या जागी तो आहे त्या जागी तो मोजून दाखवता येतो.

सुरुवातीच्या प्लगइनची जी बदनामी झाली, ती रास्तच होती. १९९५ साली क्लाव्हिया या स्वीडिश कंपनीचे नॉर्ड लीड हे अॅनालॉगची डिजिटल नक्कल करणारे वाद्य आले आणि ‘व्हर्च्युअल अॅनालॉग’ हा शब्द रूढ झाला. १९९६ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी ही प्लगइन जोडण्याची पद्धत आणली आणि १९९९ मध्ये तिच्या दुसऱ्या आवृत्तीने सॉफ्टवेअर वाद्ये थेट ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये बसवण्याची सोय केली. त्या काळच्या संगणकाला प्रत्येक स्वरामागे मोजकीच आकडेमोड परवडत असे, म्हणून लिहिणाऱ्यांनी सर्किटचा सांगाडा तेवढा घेतला आणि बाकीचे सोडून दिले. सुटलेल्या भागातल्या दोन गोष्टी कानाला सर्वांत जास्त खुपत.

पहिली गोष्ट एलियासिंगची, म्हणजे संगणकाला न साठवता येणारा उंच ध्वनी भलत्याच जागी उमटण्याची. सॉ-टूथ, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी लहर घ्या. तिच्यात मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा चढत्या वारंवारतेचे हार्मोनिक्स असतात आणि त्यांचा जोर क्रमांकाच्या पटीत कमी होत जातो. समजा स्वर ३,००० हर्ट्झचा आहे आणि सॅम्पल रेट, म्हणजे संगणक सेकंदाला ध्वनीची किती मापे साठवतो तो आकडा, ४४,१०० आहे. अशा वेळी २२,०५० हर्ट्झच्या वर संगणकाला काही साठवताच येत नाही, पण साधी करवत काढणाऱ्या प्रोग्रॅमला याची फिकीर नसते. आठवा हार्मोनिक २४,०००चा. तो त्या मर्यादेवर आपटून मागे फिरतो आणि २०,१००वर येऊन बसतो. तिथे तो कुणाला फारसा जाणवत नाही. चौदावा हार्मोनिक ४२,०००चा. तो थेट २,१०० हर्ट्झवर उतरतो, म्हणजे मूळ स्वराच्याही खाली, आणि मूळ स्वरापेक्षा जेमतेम २३ डेसिबलने हलका असतो. आता स्वर चढवत ३,१००वर न्या. हा आगंतुक ७०० हर्ट्झपर्यंत घसरतो. वाजवणारा स्वर वर नेतो आहे आणि आतून एक बारीक शिट्टी खाली जाते आहे, असा तो प्रकार असतो. कुठल्याही अॅनालॉग वाद्यात असे घडू शकत नाही. १९९९च्या आसपासची प्लगइन ‘काचेसारखी’ वाटत, ती मुख्यतः यामुळे. टिम स्टिल्सन आणि ज्युलियस स्मिथ यांनी १९९६ मध्ये आणि एली ब्रँट यांनी २००१ मध्ये यावरचे उपाय मांडले, पुढे संगणकही वेगवान झाले, आणि आजच्या कुठल्याही बऱ्या प्लगइनमध्ये हा दोष जवळजवळ ऐकू येत नाही. हा वाद आता मिटला आहे असे मी समजते.

दुसरी गोष्ट फिल्टरची, म्हणजे ध्वनीतला वरचा भाग गाळणाऱ्या सर्किटची, आणि तिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मूळ वाद्याचा स्वभाव म्हणून जे ओळखले जाते त्यातले निम्मे तिथेच असते. रॉबर्ट मूग यांच्या ज्या शिडीसारख्या फिल्टरला १९६९ मध्ये पेटंट मिळाले, त्यात ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये कपॅसिटर असतात. अशा चार पायऱ्या. प्रत्येक पायरी कटऑफच्या (गाळणे जिथून सुरू होते त्या वारंवारतेच्या) वरचा ध्वनी दर सप्तकाला ६ डेसिबलने उतरवते, म्हणून एकूण २४. कटऑफच्या बरोबर जागी प्रत्येक पायरी लहरीला ४५ अंश मागे ढकलते आणि तिची उंची सुमारे ०.७ पट करते. चार पायऱ्यांनंतर लहर १८० अंश मागे, म्हणजे पूर्ण उलटी झालेली असते आणि उंची पाव राहते. हीच लहर उलटी करून, चौपट वाढवून परत तोंडाशी आणून सोडली की फिल्टर स्वतःच गाऊ लागतो. रेझोनन्सचा नॉब म्हणजे ही परत आणण्याची मात्रा. याचाच दुसरा परिणाम असा की, रेझोनन्स त्या टोकाला नेला की कटऑफच्या खूप खालचा ध्वनी एक पंचमांश होतो, म्हणजे १४ डेसिबलने बसतो. मूग यांच्या मिनिमूग या सिंथवर रेझोनन्स वाढवताना खालचा भरणा निघून जातो तो यामुळे, आणि ‘प्लगइन पातळ वाटते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या काहींना मी इतकेच दाखवते की मूळ वाद्यही त्या जागी तितकेच पातळ होते.

संगणकाची अडचण या परतीच्या वाटेवर आहे. फिल्टरच्या तोंडाशी या क्षणी काय जाणार हे कळायला त्याच क्षणी शेवटी काय येणार हे माहीत हवे, आणि शेवटचे तोंडाशी जाणाऱ्यावर अवलंबून आहे. जुन्या प्रोग्रॅमनी हा गुंता टाळण्यासाठी एक सॅम्पल आधीचे उत्तर वापरले. ४४,१००च्या सॅम्पल रेटला हा उशीर २३ मायक्रोसेकंदांहूनही किंचित कमी असतो आणि ऐकायला नगण्य वाटतो. पण कटऑफ १०,००० हर्ट्झवर असेल तर एका लहरीला लागणारा सगळा वेळच १०० मायक्रोसेकंद आहे, त्यातला जवळजवळ पाव भाग वाया गेला तर वर काढलेला १८० अंशांचा हिशेब कोलमडतो. परिणामी वरच्या पट्टीत रेझोनन्स भलत्याच जागी बोलतो, कटऑफ वेगाने फिरवला की फिल्टर अडखळतो किंवा किंचाळतो. आता ‘झिरो-डिले’ म्हणवणारे फिल्टर दर सॅम्पलला हे समीकरण खरोखर सोडवतात. त्यातही प्रत्येक ट्रान्झिस्टरची जोडी सरळ रेषेत वागत नाही. लहान लहरीला ती इमानदार असते, मोठी लहर आली की तिचे शेंडे दाबते. हा वक्रपणा प्रत्येक पायरीवर वेगळा धरून समीकरण सोडवायचे, तर एकेका सॅम्पलला अनेकदा अंदाज सुधारत जावे लागते. २००४ मध्ये आंटी हुओविलाइनेन यांनी मूग फिल्टरचे असे वक्र प्रतिमान मांडले. २०११ साली यू-ही कंपनीचे ‘दिवा’ हे प्लगइन आले, तेव्हा त्याची सर्वांत बारकाईची पातळी निवडली की तेव्हाच्या चांगल्या संगणकांचे पंखे घरघरू लागत. त्या घरघरीचे मोल मात्र कानांना मिळाले. माझ्या मते नकलेच्या पिढ्यांमधली खरी सीमारेषा तिथे आहे, आणि ‘प्लगइन’ म्हणून सरसकट मत देणाऱ्याला मी आधी विचारते की त्याने कोणत्या सालचे ऐकले होते.

हाच वक्रपणा आजही फरक उरण्याची पहिली जागा आहे, पण दोष बरेचदा वापरणाऱ्याचा असतो. मिनिमूगच्या मिक्सरचे तीनही ऑसिलेटरचे (मूळ लहर काढणाऱ्या सर्किटचे) नॉब पुढे ढकलले की फिल्टरच्या तोंडाशी गर्दी होते आणि ध्वनी जाड, किंचित खरखरीत होतो. हेडफोनच्या जागेतून वायर काढून बाहेरच्या ध्वनीसाठी असलेल्या जागेत खोचण्याची युक्तीही जुनी आहे. मूळ वाद्य वाजवणारे हे हाताच्या सवयीने करत. प्लगइन उघडणारा मात्र तयार पॅच, म्हणजे आधीच लावून साठवलेला ध्वनी, निवडतो आणि आतल्या मिक्सरला हात लावत नाही, बाहेरचा आवाज वाढवतो. मग दोन ध्वनी शेजारी ठेवून ‘यात दम नाही’ म्हणतो. आधी फिल्टरमध्ये किती जोराने लोटता आहात ते पाहावे, मग निवाडा करावा.

‘ऊब’ या शब्दाखाली आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे सूर हलणे. व्होल्टेजवर चालणाऱ्या ऑसिलेटरमध्ये ट्रान्झिस्टरच्या बेसवर साधारण १८ मिलिव्होल्ट वाढले की स्वर एका सप्तकाने चढतो, आणि हा आकडा तापमानावर ठरतो: दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३३ टक्के. भरपाईची सोय केली नाही तर, मूळ बिंदूपासून पाच सप्तके वर असलेला स्वर केवळ एका अंशाने २० सेंट, म्हणजे एका अर्धस्वराचा पाचवा भाग, उतरतो. म्हणून चांगल्या वाद्यांत तापमानाबरोबर बदलणारा रेझिस्टर किंवा उष्णता स्थिर ठेवलेली ट्रान्झिस्टरची जोडी असते, आणि म्हणून ती वाजवण्याआधी अर्धा तास चालू ठेवतात. १९७८च्या प्रॉफेट-५ या सिंथमध्ये तर सूर जुळवण्यासाठी एक बटणच होते: ते दाबले की आतला मायक्रोप्रोसेसर दहाही ऑसिलेटर मोजून त्यांची दुरुस्ती करत असे. सांगायचे हे की, वाद्यातले हलणे संथ आणि सकारण असते. खोली तापली की सगळे ऑसिलेटर साधारण एकाच दिशेने सरकतात. कीबोर्डच्या टोकांना चूक वाढते. एखाद्या व्हॉइसचा (एका वेळी एक स्वर काढणाऱ्या सर्किट-संचाचा) फिल्टर कायमच थोडा अधिक उघडा असतो आणि पाच व्हॉइसच्या वाद्यात दर पाचव्या स्वराला तोच पुन्हा ऐकू येतो. अनेक प्लगइनमधला ‘ड्रिफ्ट’चा, म्हणजे सूर हलवण्याचा, नॉब मात्र प्रत्येक स्वराला मनाला येईल तसा धक्का देतो. त्याने वाद्य जुने वाटत नाही, नशेत असल्यासारखे वाटते. ज्या प्लगइनमध्ये प्रत्येक व्हॉइसची चूक वेगळी आणि कायमची ठरवता येते, ते निवडावे. जाता जाता हेही सांगते की, ज्युनो-६० आणि ज्युनो-१०६ या सिंथच्या नकलांमध्ये ड्रिफ्ट शोधणे व्यर्थ आहे. त्यांचे ऑसिलेटर डिजिटल घड्याळावर बांधलेले होते आणि मुळातच पक्के सुरात असत. त्यांची सुप्रसिद्ध हालचाल कोरस या ध्वनी डोलवणाऱ्या सर्किटमधून येते, आणि तो कोरस सळसळतोही.

आता वयाकडे येते. प्लगइनची तुलना ‘मूळ’ वाद्याशी करायची, तर कोणत्या मूळ वाद्याशी? प्रॉफेट-५च्या पहिल्या दोन आवृत्त्यांत एसएसएम कंपनीच्या चिप होत्या, तिसरीत कर्टिस कंपनीच्या; ध्वनी वेगळा आहे आणि प्रत्येकीचे कट्टर भक्त आहेत. आर्प ओडिसी या सिंथमध्ये तर उत्पादनाच्या काळात तीन वेगळे फिल्टर बसवले गेले. त्यावर चाळीसहून अधिक वर्षांचे कोरडे पडलेले कपॅसिटर, सरकलेले ट्रिमर (आतले जुळवणीचे स्क्रू) आणि तीन पिढ्यांच्या दुरुस्त्या. आज कुणाच्याही घरातले जुने वाद्य कारखान्यातून निघाले तसे वाजत नाही.

याचा एक धडा मला माझ्याच टेबलावर मिळाला. एक ज्येष्ठ वादक त्यांचा सहा व्हॉइसचा सिंथ घेऊन आले. तक्रार वीजपुरवठ्याच्या गुणगुणण्याची होती. मी पॉवर सप्लायचे कपॅसिटर बदलले आणि वाद्य उघडलेच आहे म्हणून सहाही व्हॉइसचे फिल्टर दुरुस्ती-पुस्तिकेप्रमाणे जुळवून दिले. चौथ्या व्हॉइसचा कटऑफ बाकीच्यांपेक्षा बराच खाली होता, तोही वर आणला. आठवड्याने त्यांचा फोन आला: काम चोख झाले आहे, पण वाद्याचा जीव गेला. त्यांनी तीन-तीन स्वरांचे झोके वाजवून दाखवले तेव्हा माझ्या लक्षात आले. त्यांच्या बोटांना चार दशके सवय होती की काही स्वर दबके येतात; त्या दबक्या स्वरांवर त्यांनी आपली लय बांधली होती. मी आधीची मापे वहीत लिहून ठेवली होती म्हणून निभावले. चौथ्या व्हॉइसचा ट्रिमर मोजून पुन्हा खाली नेला आणि त्यांनी दोन झोके वाजवून मान डोलावली. तेव्हापासून कुणाचेही वाद्य जुळवण्याआधी मी विचारते, आणि जुनी मापे लिहिल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर उचलत नाही.

२०२० मध्ये प्रॉफेट-५ची चौथी आवृत्ती निघाली, तीही पूर्ण अॅनालॉग. प्रॉफेट-५चे निर्माते डेव्ह स्मिथ यांनी तिच्यावर ‘व्हिंटेज’ नावाचा नॉब दिला, जो व्हॉइसांमधली तफावत हवी तेवढी वाढवतो. जुन्या आणि नव्या फिल्टरमध्ये निवड करण्याचीही सोय दिली. खऱ्या अॅनालॉग वाद्याच्या जनकालाच जुनेपणा वेगळा नॉब म्हणून द्यावा लागला. म्हणजे आपण ज्याला ‘अॅनालॉगची ऊब’ म्हणतो त्यातला बराच भाग अॅनालॉगपणातून येत नव्हता, झिजेतून येत होता, हे मला त्या नॉबने जितके पटवले तितके कुठल्याही लेखाने पटवले नव्हते.

आठवणीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ही वाद्ये खोलीत ऐकलेली नाहीत. ऐकल्या त्या तबकड्या आणि कॅसेट. त्या ध्वनीत टेप होती, मिक्सिंग कन्सोल होता, रिव्हर्ब होता, आणि अनुभवी अभियंत्याचा हात होता. प्लगइन यातले काहीच देत नाही, उघडे वाद्य देते, आणि आपण त्याची तुलना सजवलेल्या वाद्याशी करतो. मूळ सिंथ थेट स्पीकरला जोडून ऐकवला की पुष्कळांचा हिरमोड होतो. मी तो पाहिलेला आहे. टीबी-३०३ या बास सिंथचे उदाहरण तर मजेशीरच आहे. १९८१ साली आलेले ते यंत्र बास गिटारची नक्कल म्हणून फसले, १९८४ला बंद झाले, जुन्या बाजारात स्वस्तात पडून राहिले, आणि म्हणूनच शिकागोतल्या तरुणांच्या हाती लागून त्यातून अॅसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार निघाला. फसलेल्या नकलेची आज शेकडो सॉफ्टवेअर रूपे ‘अस्सल’पणावरून भांडतात.

हाताचा फरक मात्र खरा आहे आणि तो मला सर्वांत मोठा वाटतो. यामाहा सीएस-८० या सिंथचे वजन ८० किलोंहून अधिक, पण त्याची खरी ओळख अशी की दाबलेल्या प्रत्येक पट्टीवर वेगवेगळा दाब देता येत असे. एकाच स्वरसमूहातला एक स्वर फुलवायचा आणि बाकीचे तसेच ठेवायचे, हे त्यावर बोटानेच होत असे. संगीतकार व्हॅन्जेलिस यांचे वादन आठवा. त्याचे प्लगइन उत्तम असले आणि समोरचा कीबोर्ड फक्त पट्टी किती वेगाने दाबली एवढेच कळवणारा असला, तर सीएस-८०चा पाऊण भाग दाराबाहेरच राहिला. तसेच मिनिमूगला स्मृती नव्हती. लावलेला ध्वनी ठेवायचा तर कागदावर नॉबांच्या जागा लिहाव्या लागत. म्हणून वाजवणारा ध्वनी तिथेच, त्या गाण्यासाठी, लावत असे आणि वाजवताना डावा हात कटऑफवर असे. हजार पॅचच्या यादीत खाली-वर करणाऱ्याचे कान वेगळ्या कामाला लागलेले असतात.

स्वतःच्या कानांची परीक्षा घ्यायची असेल तर नीट घ्यावी. एकच मिडी ओळ (कोणता स्वर कधी वाजवायचा याची डिजिटल नोंद) दोन्हींवर मुद्रित करावी, आवाजाची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवावी, कारण थोडे मोठे वाजणारे हमखास ‘उबदार’ वाटते, आणि कोणते कोणते आहे हे दुसऱ्याला ठरवू द्यावे. मी ही परीक्षा स्वतःवर केली तेव्हा दहापैकी नऊ वेळा मूळ वाद्य ओळखले आणि दिवसभर खूश होते. मग लक्षात आले की मी स्वरांवरून ओळखतच नव्हते. स्वर सुरू होण्याआधीच्या शांततेत मूळ वाद्याची बारीक सळसळ येत होती. ती जागा कापून पुन्हा ऐकले, तर दहापैकी सहा. ते सहाही बहुधा रेझोनन्स टोकाला असलेल्या आणि एक ऑसिलेटर दुसऱ्याला वेगाने हलवत असलेल्या ध्वनींचे होते, म्हणजे फरक मोजक्याच जागी उरतो असे वर म्हटले, त्यातल्याच या जागा.

म्हणून मूळ वाद्य घ्यायचे असेल तर ध्वनी श्रेष्ठ आहे या समजुतीने घेऊ नये. त्याच्याशी हातांनी झटापट करायला आवडते आणि दुरुस्तीची तयारी आहे, म्हणून घ्यावे. ज्युनो-१०६च्या राळेत बुडवलेल्या फिल्टर-चिप बिघडतात हे सर्वश्रुत आहे, त्यांना पर्याय मिळतात. कर्टिसची सीईएम ३३४० ही ऑसिलेटर-चिप २०१६ मध्ये पुन्हा बनू लागली, त्यामुळे काही वाद्यांचे आयुष्य वाढले. पण एसएसएमच्या काही जुन्या चिप गेल्या की शोधाशोध करावी लागते. घेण्याआधी वाद्य थंड असताना आणि तासाभराने, असे दोनदा सर्व पट्ट्यांवर वाजवून पाहावे, आणि प्रत्येक व्हॉइस एकेक करून ऐकावा. ज्यांना हा व्याप नको त्यांनी एकच चांगले प्लगइन निवडावे, त्याचे तयार पॅच महिनाभर उघडू नयेत, कोऱ्या ध्वनीपासून सुरुवात करावी, आणि कटऑफ, रेझोनन्स, मिक्सरच्या तीन पातळ्या व एन्व्हलपचा डिके (स्वर ओसरण्याचा वेळ) इतके सहा नॉब एखाद्या साध्या कंट्रोलरवर कायमचे बांधून टाकावेत, म्हणजे डोळे पडद्यावर नसतानाही हात जागेवर जातो.